डाव्या चाकाची रिंग

बरखेडा, भोपाळ
१४ नोव्हेंबर १९९८

दत्तूभाऊजींना कमलिनी वहिनीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यांत आधी टपकली ती समोरच्या क्वार्टरमधली शशिकला. हातात मटाराची परात, म्हणजे बसायच्या तयारीनेच. शेडचं दार नुसतं करकरलं आणि ही हजर. "काकू, यात गाडी आहे? मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही आत गोवऱ्या भरून ठेवल्यात!" घ्या! मी म्हटलं, बाई, अँबॅसडर आहे, साठ सालची, आणि तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा यात बसून भोजपूरला जाऊन आलीस, उलटी पण केलीस. मग बसली गुपचूप मटार सोलत.

तिच्यामागून आमचा रवींद्र आला तो दोन कबाडी घेऊन, भंगार नेणारे. सख्खे भाऊ, दोघांच्या मिशा सारख्या. धाकट्याने टायरला लाथ मारली. मी म्हटलं, "भैया, पैर संभाल के. ये हमारे साहब की गाडी है." तो हसला. म्हणाला, "अम्मा, हम इकतीस दिसंबर को आते हैं, ठेला लेकर." आणि गेले, रवींद्रचा चहा पिऊन.

आता तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांत एक ओळ नाही आणि आज ही बाई मला मटार सोलून दाखवतेय. पत्ता तुमच्या सरोजच्या बहिणीकडून काढला. हे गेले तेव्हा तुमचं पत्र आलं नाही. मी ते धरून बसलेली नाही. कामाचं लिहिते.

रवींद्र कारखाना सोडतोय, लवकरची निवृत्ती घेऊन. क्वार्टर एकतीस डिसेंबरला रिकामं करायचं. नेहरू नगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, खाली एक गाडी उभी राहील एवढी जागा आहे. मी म्हटलं, मग झालं! तो म्हणतो, "आई, स्वतःच्या चाकांवर तिथपर्यंत गेली तर ठेवू. ढकलत न्यायची असेल तर कबाडी." मी म्हटलं, ठरलं. शशिकला साक्षीदार.

तर आमची कल्पना, रवींद्रची मुलगी, एकवीस वर्षांची, मशीनचा डिप्लोमा करून कारखान्यातच शिकाऊ आहे. तिने इंजिन चालू करून दाखवलं, खोकलं पण चाललं. ब्रेक नवे केले. अडलंय मागच्या डाव्या चाकाशी. बेअरिंग मोकळं खुळखुळतंय. ती म्हणते, "आजी, इथे एक रिंग असायला हवी, ती नाहीच." मला एकदम आठवलं, तुमचं आणि ह्यांचं भांडण झालं ते रिंगवरूनच ना? मी तेव्हा तुमच्या मशीनच्या गोष्टीत कान घालत नसे. आता घालते. ती रिंग कशी होती आणि बेअरिंग बसवायचं कसं, एवढं लिहा. कल्पना शिकेल. मी चौथी पास, पण वाचून दाखवीन.

कमलिनी वहिनी

*

नाशिक रोड
२२ नोव्हेंबर १९९८

ती. कमलिनी वहिनींना दत्तात्रयचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. त्या गाडीविषयी लिहायची माझी इच्छा नव्हती. तीन दिवस पत्र टेबलावर होतं. सरोज म्हणाली, मुलीचं काय चुकलं?

मुलीला सांगा. डाव्या बाजूचा मोठा नट उलट्या आट्यांचा आहे, जोर लावून मोडू नये. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बाहेर काढून घ्यावा. बेअरिंग ठोकून बसवू नये. ते गार करावं, हब गरम करावा, म्हणजे आपोआप उतरतं. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर ती रिंग बसते. वरून एक्सलची थाळी येते, ती रिंगला दाबते, रिंग बेअरिंगला दाबते. म्हणून रिंग हबच्या तोंडाच्या किंचित वर यायला हवी. दोन-तीन थाउ, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. कमी पडली तर बेअरिंग जागेवर फिरतं, चाक डुलतं, आणि तेल ब्रेकवर उतरतं.

बाजारातली रिंग तुमच्या गाडीला चालणार नाही. हबचं तोंड आम्ही एकदा लेथवर साफ केलं होतं, त्यामुळे माप बदललं. म्हणून मी आणि अनंताने वेगळी रिंग बनवली. बांगडीपेक्षा थोडी लहान, आतल्या कडेला उतार, आणि बाजूला ठोकलेली दोन अक्षरं: अ आणि द.

भांडणाबद्दल एकदाच लिहितो. एकोणऐंशीच्या दसऱ्याला सकाळी मी चाक बसवायला आलो. अनंत ड्युटीवर होता. आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेत ठेवलेली हत्यारं तुम्ही मला परत दिलीत. त्यात रिंग नव्हती. मी तुम्हालाही विचारलं होतं, वहिनी, काही राहिलंय का? तुम्ही नाही म्हणालात. संध्याकाळी पिपलानीच्या उतारावर चाक डुललं, ब्रेक लागला नाही, पुढचं तुम्हाला माहीत आहे. गाडीत तुम्ही होतात. रवींद्र होता. अनंत सगळ्या ब्लॉकसमोर म्हणाला की मी रिंग हरवली आणि वर खोटं बोललो. मी सोनं द्यायला हात पुढे केला, त्याने घेतलं नाही.

मी रिंग हरवली नव्हती.

दत्तात्रय

*

बरखेडा
३० नोव्हेंबर १९९८

दत्तूभाऊजींना आशीर्वाद. सरोजलाही.

तुमचं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं होतं, अर्ध्यावर मनात वाचलं. कल्पना म्हणाली, "आजी, पुढे?" मी म्हटलं, पुढे नमस्कार आहेत.

बेअरिंग बसलं! कसं ते ऐका. कल्पनाने बेअरिंग पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, रात्रभर. सकाळी सूनबाई दूध काढायला गेली तर आत बेअरिंग, तिने ते बटाटे समजून बाहेर काढलं. परत आत. मग हब मी माझ्या पुरणाच्या पातेल्यात उकळला. हो, त्याच पातेल्यात, तुम्ही ज्यातली पुरणपोळी सात-सात खायचात. शशिकलाने विचारलं, "काकू, आज कोणाचा सण?" मी म्हटलं, डाव्या चाकाचा. खळखळा उकळल्यावर कल्पनाने सांडशीने हब काढला, पाटावर ठेवला, फ्रीजमधून बेअरिंग आणलं आणि वर ठेवलं. भाऊजी, टुक असा आवाज आला आणि उतरलं! न ठोकता. मी टाळ्या वाजवल्या. हब गाडीवर चढवून उलटा नट पण कसला. रवींद्र ऑफिसला निघाला होता, तोही दोन मिनिटं थांबला. मग म्हणाला, "इतना आसान नहीं है, आई." असा बोलतो तो, राग आला की हिंदीत.

बाजारातली रिंग आणून पाहिली. तुम्ही म्हणालात तसंच, खाली जाते. कल्पनाने कारखान्यातल्या टर्नरला विचारलं, तो म्हणाला नमुना आणा, नुसत्या सांगण्यावर मी केसाएवढं माप कसं काढू?

बाकी बांधाबांध चालू आहे. सगळं घर बांधून होतं, देव मात्र शेवटी बांधायचे, अशी आमच्या सासूबाईंची पद्धत. देवघरातलं मी अजून काही हलवलेलं नाही. एक विचारू? लोखंडाला तेलातुपाचा हात लागत राहिला तर ते चांगलं राहतं की खराब होतं? सहज विचारते. आणि कापडात बांधून ठेवलं असेल तर?

सरोजचे गुडघे कसे आहेत?

कमलिनी वहिनी

*

नाशिक रोड
८ डिसेंबर १९९८

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

लोखंडाला तेल चांगलं. तूप नको. हत्यारं बांधत असाल तर कोरड्या कापडात बांधा.

तुम्ही रिंगचा विषय टाळता आहात हे मला कळलं. मला वाटतं, अनंताला ती नंतर कुठेतरी सापडली, त्याने फेकून दिली असावी आणि तुम्हाला ते लिहायचं नाही. नका लिहू. गेलेल्या माणसाला मी दोष देणार नाही.

यासोबत रजिस्टर पार्सल आहे. त्यात एक रिंग आहे. ही मी भांडणानंतर पंधरा दिवसांत आठवणीवर बनवली होती. ती घेऊन मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. आत अनंत कोणाला तरी सांगत होता, "दत्तू स्वतः आणून देईल तेव्हाच ती गाडी उघडीन." मी दारात उभा होतो, रिंग खिशात. आणि मला वाटलं, दिली तर हरवली होती हे मी कबूल केल्यासारखं होईल. परत गेलो. पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

एक कबूल करतो. रिंग नसताना मी चाक बसवायलाच नको होतं. अनंताने ती मापासाठी नेली असेल असं मला वाटलं. संध्याकाळी रावण बघायला मैदानावर गाडी न्यायची सगळ्यांनाच घाई होती, म्हणून तशीच बसवली. ती चूक माझीच. तो मला कामात हलगर्जी म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं. खोटारडा म्हणाला.

रिंग बसते का ते मुलीने पाहावं.

दत्तात्रय

*

बरखेडा
१६ डिसेंबर १९९८

दत्तूभाऊजी,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी वाचा.

तुमचं पार्सल आलं. कल्पनाने तुमची रिंग बसवली आणि हबवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. मला म्हणाली, "आजी, एक केस दे." मी दिला, पांढरा, लांब. तो तिने पट्टीखालून ओढून पाहिला. हबच्या कडेवर अडकला, रिंगवरून मात्र सरकन गेला. म्हणजे तुमची रिंगही खाली जाते, भाऊजी. थोडीशीच. आठवणीवर बनवलेली ना. कल्पना मटकन पाटावर बसली. म्हणाली, "संपलं, आजी. पंधरा दिवस राहिले."

मी म्हटलं, बस इथेच. आणि देवघरात गेले.

आमच्याकडे गंगेचा गडू आहे, माझ्या सासऱ्यांनी काशीहून आणलेला, तोंड बंद केलेला. त्याचं बूड गोल, सारखा डुगडुगायचा. आता तो डुगडुगत नाही. गेली एकोणीस वर्षं तो एका कड्यावर बसलाय. कड्याला मी लाल खण गुंडाळून शिवून टाकलाय, चुंबळीसारखा. तुमचं बावीस तारखेचं पत्र अर्ध्यावर मनात वाचलं ते का, आता कळलं असेल. बांगडीपेक्षा थोडी लहान, हे वाचलं तेव्हाच ओळखलं. पण गडू उचलायचं धैर्य तीन आठवडे झालं नाही. बाजारात मिळेल, टर्नर करेल, तुमची येईल, असं म्हणत राहिले. रोज पूजा करायची आणि त्या लाल कापडाकडे बघायचं नाही.

काल उचलला. टाके उसवले. अ आणि द.

कसं झालं ते सांगते, कमी-जास्त न करता. खंडेनवमीला ह्यांनी हाक मारली, "हत्यारं पुसून पूजेला घे." तुम्ही दोघं चहाला बसला होतात. मी रॉकेलच्या थाळीतून पाने, हातोडी, छिन्नी, सगळं उचललं, पुसलं, पाटावर मांडलं. हे कडंही उचललं, किती सुरेख चकाकत होतं. हळदकुंकू वाहताना गडू डुगडुगला, मी ते खाली सरकवलं. बसला घट्ट! मला इतका आनंद झाला भाऊजी, वाटलं, कोणीतरी मापानेच केलंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही हत्यारं मागायला आलात. मी हत्यारं दिली. ते कडं माझ्या डोक्यात हत्यार नव्हतंच, देवाचं होऊन गेलं होतं. तुम्ही विचारलंत, काही राहिलंय का? मी देवघराकडे वळूनसुद्धा न बघता म्हटलं, नाही.

त्या एका नाहीने तुम्ही खोटारडे ठरलात. हे त्या कड्यासमोर रोज हात जोडायचे नाहीत, त्यांना देवघर वर्षातून एकदाच आठवायचं, नाहीतर एखादे दिवशी ओळखलं असतं. मला वाटायचं, पुरुषांची भांडणं, मिटतील. ह्यांच्या शेवटच्या आजारात एकदा म्हणाले होते, "दत्तूने एकदा यायला हवं होतं." मी म्हटलं, मानी आहेत ते. मीच म्हटलं.

काल रात्री रडून घेतलं, आता झालं. आता ऐका. आज सकाळी रवींद्र, सून, कल्पना आणि ती मटारवाली शशिकला, चौघांना बसवून मी हे सगळं सांगितलं. ज्या ब्लॉकसमोर हे तुम्हाला बोलले त्या ब्लॉकमधलं जेवढं शिल्लक आहे तेवढ्याला सांगितलं. शशिकलाला सांगितलं म्हणजे बरखेड्याला सांगितलं. रवींद्रने रिंग हातात घेऊन ती दोन अक्षरं वाचली. मग म्हणाला, "काकांना लिही."

मग कल्पनाने ती रिंग बसवली आणि पट्टी ठेवली. मी दुसरा केस दिला. या वेळी तो हबच्या कडेवरून सरकन गेला आणि रिंगवर अडकला. रिंग वर आहे, भाऊजी. केसाएवढी.

एक्सल आत सरकवायचा आहे, थाळीचे नट कसायचे राहिलेत. कल्पनाचा पाना तयार होता, मी हात धरला. ते नट तुम्ही कसायचे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तीस तारखेपर्यंत तुम्ही आला नाहीत तर एकतीसला कबाडी नेतील, मी दार उघडून देईन. रिंग तेवढी ठेवून घेईन. धमकी समजायची असेल तर समजा.

तुमच्याजवळ मागायला मला तोंड नाही, तरी मागते.

कमलिनी

*

नाशिक रोड
२१ डिसेंबर १९९८

ती. वहिनींना शि. सा. नमस्कार.

रिंग कधी राखेने किंवा विटकरीने घासलीत का? गडू घासला असेल तो वेगळा. रिंग घासली नसेल तर चांगलंच.

थाळीखाली कागदी वॉशर नवा लागेल, मुलीने पातळ कागदाचा कापून ठेवावा. नटांना हात लावू नये.

पत्र सरोजने मला दोनदा वाचून दाखवलं. चष्मा सापडत नव्हता.

आम्ही दोघं अठ्ठावीसला निघतो. पुरणाचं पातेलं नीट धुवून ठेवा.

दत्तू

*

नेहरू नगर, भोपाळ
३ जानेवारी १९९९

दत्तूभाऊजींना आणि सरोजला अनेक आशीर्वाद.

सरोज, हे पत्र खरं तर तुला. तू मागच्या सीटवर सगळा वेळ डोळे मिटून रामरक्षा म्हणत होतीस, त्यामुळे तुला काही दिसलं नाही. तर काय झालं ते सांगते.

सकाळी भाऊजींनी नट कसले. कल्पना म्हणाली, "आजोबा, मी धरू?" ते म्हणाले, "तू दिवा धर." समोरासमोरचे नट, थोडा हा, थोडा तो, अगदी भाकरी फिरवावी तसं. कसून झालं तेव्हा डाव्या चाकावर तळहात ठेवून खूप वेळ तसेच बसले. मी चहा घेऊन उभी होते, हाक मारली नाही. चहा गार झाला, दुसरा केला.

निघालो तेव्हा गाडी कल्पना चालवत होती, शेजारी भाऊजी, मागे तू, मी आणि माझ्या मांडीवर देवांची टोपली. रवींद्र मागून स्कूटरवर सूनबाईला घेऊन, नजर डाव्या चाकावर खिळलेली. हबीबगंज नाक्यावर सिग्नलला एक पोलीस म्हणाला, "अम्मा, ये कहाँ से निकाली?" मी म्हटलं, "घर से." माता मंदिरच्या चौकात मोठी बस आडवी आली, कल्पनाने ब्रेक मारला, आणि गाडी उभी राहिली, जागच्या जागी! तू तेव्हा जोरात "राम" म्हणालीस. ते तुला आठवत असेल.

नेहरू नगरला पोचल्यावर रवींद्र स्कूटर स्टँडला लावायलाही थांबला नाही, सुनेकडे दिली आणि वाकून चाकाच्या मध्याला हात लावला. भाऊजींनी विचारलं, "किती गरम?" तो म्हणाला, "कोमट, काका. माणसाच्या अंगाएवढं." आणि तिथेच, रस्त्यावर, भाऊजींच्या पाया पडला. तू तोवर डोळे उघडले होतेस का? नसतील तर सांगते, भाऊजींनी त्याला उठवला नाही लगेच. डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

आता तुम्ही गेल्यानंतरचं. एकतीसला दोघं कबाडी भाऊ ठेला घेऊन बरखेड्याला हजर. शशिकलाने शेडचं दार उघडून दाखवलं, आत एक झाडू. ती सांगत होती, धाकटा म्हणाला, "अम्मा ने बेच दी क्या?" ही म्हणाली, "अम्मा बैठ के गई." परवा ती मला भेटायला दोन मजले चढून आली, परात घेऊन. इथेही मटारच.

नवं देवघर छोटं आहे, खिडकीपाशी. गडू ठेवला तर पुन्हा डुगडुगायला लागला, इतक्या वर्षांची सवय मोडली ना त्याची. मग मी काय केलं? भाऊजींनी आठवणीवर बनवलेली रिंग पेटीतून काढली, नवा लाल खण घेतला, पण या वेळी शिवला नाही, नुसता गुंडाळलाय. गडू बसला. केसाएवढी कमी असली तरी त्याला चालते. कल्पनाने विचारलं, "आजी, ही लागली तर?" मी म्हटलं, ही कोणाला लागणार नाही, ही ठेवायचीच आहे.

दसऱ्याच्या सोन्याला आपटा भोपाळात कुठे मिळतो? आम्ही कचनारची पानं आणतो, तुम्ही विसरला नसाल. खाली गाडीजवळच कचनारचं झाड आहे, मी बघून ठेवलंय.

रिक्षात बसल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, खंडेनवमीला येतो, हत्यारांची पूजा मी मांडतो, आणि दुसऱ्या दिवशी सोनं देऊनच जातो." नव्या कॅलेंडरवर मी आजच लिहून टाकलंय, माझ्या वाकड्या अक्षरात, चौकोनाबाहेर गेलंय थोडं: खंडेनवमी, दत्तूभाऊजी आणि सरोज येणार.

कमलिनी वहिनी